हलक्या हाताचं उतरणं

१

शनिवारी दवाखाना बंद ठेवून ती विमान शिकायला जायची. पन्नाशी उलटल्यावर माणसं गुडघे सांभाळत बसतात. हिने विमान काढलं. "तीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितलंस," नवरा म्हणाला, "आता जरा वरून बघ." तो थट्टा करत होता. तिने मात्र दुसऱ्याच दिवशी जाऊन नाव घातलं.

क्लब म्हणजे पत्र्याचा एक हँगर, दोन आसनांची दोन छोटी विमानं, एक पिवळं नि एक निळं, आणि त्यांच्यापुढे सरळ पसरलेली काँक्रीटची धावपट्टी. शिकाऊ सोडले तर माणसंही दोनच. शिकवणारे कप्तान, साठीचे, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले. आणि विमानांची डागडुजी करणारा मिस्त्री, जो बोलायचा कमी आणि फडक्याने हात पुसायचा जास्त. दातांची डॉक्टर म्हणून दोघंही तिला डॉक्टरीणबाई म्हणत.

वर न्यायला ती तीन आठवड्यांत शिकली. वळायला पाच. खाली आणायची वेळ आली आणि तिथे तिचं नि कप्तानांचं बिनसलं.

"आता आपटा," कप्तान म्हणाले.

"काय करू?"

"आपटा. दांडा पुढे ढकला. चाकं जमिनीवर आदळल्याचं मला ऐकू आलं पाहिजे."

तिला वाटलं, हेडसेटमध्ये काहीतरी भलतं ऐकू आलं. पण कप्तानांनी स्वतःच दांडा ढकलला आणि विमान असं आदळलं की तिची दाढ दाढेवर बसली.

"हे उतरणं झालं?" तिने विचारलं.

"इथे असंच उतरतात."

२

तिचा स्वभाव असा, की चूक दिसली की तिच्या कपाळावरची शीर उडायला लागायची. कोणी वाकडा भरलेला दात बघितला, की तो भरणाऱ्याला ती पेशंटसमोर शिव्या घालायची. तिने पाठ्यपुस्तक आणलं, रात्री जागून वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या आणि पुढच्या शनिवारी ते कप्तानांच्या टेबलावर उघडं ठेवलं.

"वाचा. धावपट्टीच्या सुरुवातीला इंजिन मंद करायचं. पुरुषभर उंचीवर आल्यावर विमान आडवं धरायचं. मग वेग उतरेल तसतसं नाक हळूहळू उचलत राहायचं. आपणहून टेकलं पाहिजे. यात आपटा कुठे लिहिलंय?"

"पुस्तक लिहिणारा इथे उतरलेला नाही," कप्तान म्हणाले आणि पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं.

त्या दिवशी तिने त्यांचं ऐकलंच नाही. इंजिन मंद केलं, नजर धावपट्टीच्या पार टोकाला लावली आणि दांडा केसाकेसाने मागे घेत राहिली. वेग फार कमी झाल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला. आणि चाकं टेकली. इतकी अलगद की पेल्यातलं पाणी हललं नसतं.

तिला हसू फुटलं. कप्तानांकडे बघायला तिने मान वळवली, एवढ्यात विमान खाली पडलं.

वीतभर पडलं असेल. पण पडलं. धप्प.

"उसळलात," कप्तान म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"मी उसळले नाही. विमान आधी टेकलं. मग पडलं."

"टेकलेलं विमान पडेल कुठे, बाई?"

खरंच होतं ते. टेकलेलं विमान पडेल कुठे? घरी जाताना गाडीत तिने स्वतःला समजावलं: जमिनीजवळ पंखाखाली हवा दाबली जाते आणि विमान तरंगतं, हवेची उशी असते ती, नवशिक्याला ती जमिनीसारखी वाटते. पुस्तकात पान एकोणसाठवर आहे. समाधान झालं. फक्त एक गोष्ट त्या पानात बसेना. टेकल्यावर चाकं फिरली होती. सीटखालून तिला ती खडखड कळली होती. हवेवर चाकं कशाला फिरतील?

३

पुढचे तीन शनिवार तिने तेवढंच केलं. कप्तान ओरडत, ती हलकेच टेकवे, विमान टेके, धावे आणि मग पडे.

पहिल्या शनिवारी वीतभर. दुसऱ्या शनिवारी हातभर. तिसऱ्या शनिवारी ते पडायच्या आधी तिने मनात आकडे मोजले: एक, दोन, तीन, चार. चार आकडे होईस्तोवर विमान कशावरून तरी धावत होतं. आवाज काँक्रीटचा नव्हता. काँक्रीटवर टायर चरचरतात. हा आवाज मऊ होता, सरसर सरसर, उंच गवतातून कोणी पाय ओढत चालावं तसा. कप्तानांनी मग झडप घालून दांडा पुढे ढकलला आणि विमान कमरेइतक्या उंचीवरून काँक्रीटवर कोसळलं.

"तुम्हाला ऐकू आलं," ती म्हणाली.

"काय?"

"गवत."

"इथे गवताचं पातं तरी आहे का?" कप्तानांनी बाहेर हात केला. नव्हतं. दोन महिने पाऊस नव्हता. धावपट्टीच्या कडेची माती उलून तिच्या खपल्या झाल्या होत्या. "डॉक्टर, तुमचं उतरणं भिकार आहे. असंच चाललं तर मी तुम्हाला एकटीला सोडणार नाही, कधीच. घरी जा, दात काढा."

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. भिकार? गाढवासारखं आपटणारा माणूस तिच्या हाताला भिकार म्हणतो? रात्री जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे हवेत गवत उगवलंय," नवरा म्हणाला.

"मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. चष्म्याचा नंबर तपासून घे."

ती ताटावरून उठली. अडाणी मास्तर एक वेळ परवडला, पण आपण डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं, बुडाखाली अनुभवलेलं दुसऱ्याने हसण्यावारी न्यायचं, हे तिला सहनच होईना.

४

चौथ्या शनिवारी ती कप्तानांकडे गेलीच नाही. सरळ हँगरमध्ये गेली. पिवळ्या विमानाखाली मिस्त्री उताणा पडून चाकं धूत होता. शेजारी बादली. बादलीतलं पाणी काळं.

"कोरड्या काँक्रीटवर उतरणाऱ्या विमानाची चाकं का धुता?"

मिस्त्री चाक घासत राहिला. तिने वाकून टायरच्या खाचेत नख घातलं. चिखल निघाला. ओला, काळा, थंड. पिशवीतून तिने दात बघायचं भिंग काढलं. चिखलात केसासारखी पांढरी मुळं होती, जिवंत, पाणी धरून असलेली. त्यातलं एक तिच्या नखाभोवती हळूच वळलं. वळलं की ओलेपणाने चिकटलं, ते तिला ठरवता येईना. तिने ते झटकलं.

"कुठून आलं हे?"

"तुम्ही आणता, बाई," मिस्त्री म्हणाला. "बाकी कोणी आणत नाही. बाकीचे आपटून उतरतात."

"आणि तुम्ही गुपचूप धुऊन टाकता! महिनाभर मला वेड्यात काढताय दोघं मिळून!"

तिचा आवाज पत्र्यावर घुमला. मिस्त्री उठून बसला, फडकं घेतलं, एकेक बोट पुसलं. मग कप्तानांच्या खोलीकडे एकदा बघून तो खालच्या आवाजात म्हणाला, "कप्तानांचा धाकटा भाऊ होता. हात असा हलका, की त्याचं उतरणं बघायला माणसं कुंपणाशी उभी राहायची. अकरा वर्षं झाली."

"पडला?"

"पडला असता तर बरं झालं असतं. उतरला तो. मी इथेच उभा होतो. चाकं टेकताना बघितली. त्यापुढचं मला विचारू नका."

"मग हे सगळ्यांना सांगत का नाही?"

"काय सांगायचं? तुम्ही सांगितलं घरी. काय झालं?"

तिला चष्म्याचा नंबर आठवला, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

५

राग आला की शहाणी माणसंही हट्टाला पेटतात. विमान शिकणं सोडून देणं सोपं होतं. पण मग उतरणं भिकार म्हणूनच ती गेली, असं झालं असतं. पुढच्या शनिवारी तिने कप्तानांच्या शेजारी बसून ओळीने तीन वेळा विमान आपटलं, दगड टाकावा तसं, दातओठ खाऊन.

"आता बरोबर," कप्तान म्हणाले. बऱ्याच आठवड्यांनी त्यांचे खांदे सैल झाले होते. ते खाली उतरले, पण दार धरून उभेच राहिले. "एकच फेरी. एकटीने. पण आपटूनच उतरायचं. मला शब्द द्या."

"का आपटायचं ते सांगा, देते शब्द."

कप्तानांचा जबडा हलला. दुखरी दाढ असलेला माणूस जिभेने ती चाचपतो तसा. बोलतील असं वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "मी सांगतो म्हणून."

"या कारणाला मी पाच वर्षांची असतानाही मान दिला नाही," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

६

भर दुपार होती. वारा पडलेला. शेजारचं आसन रिकामं असल्याने विमान लवकर उठलं. वर गेल्यावर तिला वाटलं, आपण उगाच चिडतो. खाली हँगर, दोन गाड्या, पांढऱ्या शर्टाचा ठिपका. सगळं कसं जागच्या जागी. तिने फेरी पुरी केली, धावपट्टीसमोर आली, इंजिन मंद केलं.

आपटायचं की नाही हे तिने ठरवलं नव्हतं. पण हात कामाला लागले की ते चांगलंच काम करतात. नजर टोकाला. नाक वर, अजून जरा, अजून. भोंगा वाजला.

टेकल्याचं तिला कळलंच नाही. सरसर ऐकू यायला लागली तेव्हा कळलं.

ती पडायची वाट बघू लागली. चार. पाच. नऊ. बारा. विमान पडलं नाही. हळू होत होत, चिखलात चाकं रुतावीत तसं ते थांबलं. इंजिन मंद फिरत होतं. काचेच्या खालच्या कडेपर्यंत गवत आलेलं, काळपट हिरवं, वारा नसताना एकाच दिशेला झुकलेलं. हँगर नव्हता. कुंपण नव्हतं. आकाश होतं, पण त्यात सूर्य कुठे आहे ते सांगता येईना.

बाजूच्या खिडकीतून तिने खाली पाहिलं. गवताच्या बुडख्यांमधून, विहिरीच्या तळाचं दिसावं तसं, दोन पुरुष खोल धावपट्टी दिसली. पांढऱ्या रेघा. पांढरा शर्ट. कप्तान मान वर करून, कपाळावर हात धरून आभाळात शोधत होते. त्यांची नजर तिच्यावरून गेली आणि पुढे गेली. मग ते पळायला लागले. त्यांच्या पळण्याचा आवाज येत नव्हता.

तिने समोर बघितलं. शंभर पावलांवर दुसरं विमान उभं होतं, त्यांच्याच क्लबच्या पिवळ्या रंगाचं, चाकं आसापर्यंत जमिनीत गेलेली, दार उघडं. त्याच्या पंखाच्या सावलीत कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. पाय पसरून, निवांत, शेतातलं काम आटोपून बसावं तसं. इंजिनाचा आवाज त्याला ऐकू गेला असावा. त्याने मागे वळून बघितलं नाही. फक्त उजवा हात उचलला आणि शेजारची जमीन थोपटली. दोनदा.

मग त्याने मान वळवायला सुरुवात केली.

ती फार सावकाश वळत होती. आणि जिथे थांबायला हवी तिथे ती थांबेल असं तिला वाटेना.

तिने इंजिनाला होती नव्हती ती सगळी ताकद दिली.

७

परत आली तेव्हा तिने विमान असं आपटलं की पुढच्या चाकाचा दांडा वाकला. तीन वेळा उसळून ते नाकावर बसलं. मिस्त्री धावत आला. चाकांना गुडघाभर लांबीचं गवत गुंडाळलं होतं. तो ते उपटू लागला.

कप्तान धापा टाकत पोचले. ती विमानातून उतरली तीच ओरडत.

"लाज वाटते का? हे माहीत असून लोकांना पाठवता? उतरणं भिकार म्हणता? कुलूप घाला या जागेला! तुमच्या त्या 'मी सांगतो म्हणून'ने आज माझा जीव गेला असता!"

"कोणी दिसलं?" कप्तानांनी विचारलं.

"मी काय बोलतेय आणि तुम्ही..."

"डॉक्टर. कोणी दिसलं का?"

त्यांच्या आवाजाने ती थबकली. तिने पाहिलं ते सांगितलं. हाताने जमीन थोपटल्याचं सांगितल्यावर कप्तानांनी डोळे मिटले.

"जागा धरून ठेवलीय," ते म्हणाले. "शाळेच्या गाडीत माझ्यासाठी अशीच धरायचा."

मान वळल्याचं ती सांगणार होती. पण ते पुढे बोलू लागले, भराभर, तिच्याकडे न बघता. "मी रोज जातो, बाई. तुम्ही सगळे गेल्यावर, रोज. पण मला आता हलकं टेकवताच येत नाही. लोकांना आपटायला शिकवता शिकवता माझा हात गेला. शेवटच्या क्षणी नजर खाली येते आणि मी आदळतो. अकरा वर्षं आदळतोय. तुम्ही कसं करता?"

त्या क्षणी गप्प बसायला हवं होतं. हे तिला नंतर कळलं, कायमचं कळलं. पण ती रागात होती, आणि राग आलेल्या डॉक्टरसमोर कोणी चुकीची पद्धत मांडली, की तिची जीभ आवरत नसे.

"अहो, खाली बघता म्हणून आदळता!" ती ओरडली. "टेकवायला जाता म्हणून आदळता! टेकवायचंच नाही. शेवटपर्यंत टेकू द्यायचं नाही असं ठरवून धरून ठेवायचं. साधी गोष्ट! पहिल्या दिवसापासून सांगतेय, पुस्तक आणून दाखवलं..."

"टेकू द्यायचं नाही," कप्तान म्हणाले. आणि हँगरकडे चालू लागले, निळ्या विमानाकडे.

८

ती धावली, मिस्त्री धावला. तिने दाराची कडी धरली. "तो वळला होता, कप्तान! मान वळवली त्याने. ती नीट वळत नव्हती. तो तुमचा भाऊ आहे कशावरून?"

कप्तानांनी तिचा हात कडीवरून सोडवला, फार अदबीने, पेशंट डॉक्टरचा हात बाजूला करतो तसा. "तुम्हाला भाऊ नाही वाटतं," ते म्हणाले. पंखा फिरला तसे दोघांना मागे सरावं लागलं.

पहिल्या फेरीत ते आदळले. धप्प. तिला इतकं बरं वाटलं की रडू आलं.

दुसऱ्या फेरीचा आवाज कमी होता. तिसऱ्या वेळी टायर नुसते चरचरले.

चौथ्या वेळी विमान हँगरच्या मागे खाली येताना दिसलं, नाक उचललेलं, पंख स्थिर, चित्रातल्यासारखं सुंदर. ते पलीकडच्या बाजूने बाहेर यायला चार-पाच सेकंद लागतात. दोघंही त्या बाजूला बघत राहिले. मिस्त्रीच्या हातातून पाना पडला. धावपट्टी रिकामी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि उन्हात तापत होती.

बाकावर विमानांशी बोलायचा रेडिओ ठेवलेला असे, तो खरखरला. विमानातलं बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं असावं. मंद इंजिन ऐकू आलं. गवत. इंजिन बंद झालं. दाराची कडी उघडली. पावलं, आधी सावकाश, मग पळत.

मिस्त्रीने रेडिओ बंद करायला हात पुढे केला, तर तिने त्याचं मनगट पकडलं. "ठेवा चालू," ती म्हणाली, आणि बटण दाबून रेडिओत ओरडत राहिली, "कप्तान, परत या! आत्ताच्या आत्ता परत या! ऐकताय का?" मूर्खपणा होता तो. त्यांचं बटण दाबलेलं असताना तिचं त्यांच्यापर्यंत पोचणारच नव्हतं.

पुढे चौकशी झाली. निळं विमान शेजारच्या तळ्यात बुडालं असावं असं कागदावर आलं, आणि ते तळं जेमतेम कमरेइतकं खोल आहे हे तिने चौकशीवाल्या साहेबाला तोंडावर सुनावलं. क्लबला कुलूप लागलं. नवरा आता तिची थट्टा करत नाही, पण तिच्यावर विश्वासही ठेवत नाही, आणि याचा तिला थट्टेपेक्षा जास्त राग येतो.

मिस्त्री दर सहा महिन्यांनी दात दाखवायला येतो. बाकी पेशंट गेल्यावर दोघं त्या दुपारबद्दल बोलतात, आणि दर वेळी एकाच ठिकाणी भांडतात. रेडिओची बॅटरी संपायच्या जरा आधी तिकडे हसणं ऐकू आलं होतं, याबद्दल दुमत नाही. मिस्त्री म्हणतो, दोघं हसत होते, दोघे भाऊ, झालं ते बरंच झालं.

ती हातातलं अवजार टेबलावर आपटते आणि सांगते की नीट आठव. एक कप्तानांचं होतं. एक त्याच्यासारखंच, पण तरुण. आणि तिसरं?

मिस्त्री तोंड मिटून घेतो. ती कितीही ओरडली तरी उघडत नाही.